जुन्या ब्रिटिश मोटारसायकलचे सुटे भाग: डब्यातला जुना माल की नवी प्रतिकृती?

टॅपेट (धागाकर्ता)

बीएसए ए-10 किंवा नॉर्टन डॉमिनेटर मूळ रूपात उभी करायला घेतली की सगळे एकाच गोष्टीमागे धावतात: कारखान्याच्या डब्यातला, कधीच न बसवलेला जुना माल. माझं ठाम मत आहे की बऱ्याच भागांच्या बाबतीत हा हट्ट चुकीचा आहे आणि काहींच्या बाबतीत धोक्याचा. भाग किती जुना आहे यापेक्षा तो कशाचा बनलाय आणि गाडीत काय काम करतो, हे आधी पाहायला हवं.

रबर, चिकटवलेलं लायनिंग आणि विजेचं इन्सुलेशन डब्यात पडूनसुद्धा म्हातारं होतं. साठ वर्षांच्या ऑइल सीलचा ओठ कडक झालेला असतो. तो तेल तर धरत नाहीच, वर शाफ्टवर खाच पाडतो. जुन्या ब्रेक शूंच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं (ब्रिटनमध्ये 1999 पासून पूर्ण बंदी), आणि ते शूला धरून ठेवणाऱ्या डिंकाचा भरवसा नाही. अशा शूंना सँडपेपर मारू नका, धूळ फुंकू नका. शूचं मूळ ओतीव अंग ठेवा, लायनिंग नवं चढवून घ्या, मग शू त्यांच्याच ब्रेक प्लेटवर बसवून लेथवर ड्रमच्या मापाला उतरवा. एवढं केलं नाही तर शू फक्त टोकाशी टेकतो आणि चांगला ब्रेकही मऊ लागतो.

लुकास के2एफ मॅग्नेटोचंही (ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र) तेच. त्याचा कंडेन्सर आर्मेचरच्या (फिरणाऱ्या गाभ्याच्या) पोटात असतो. 'न वापरलेला' म्हणून घेतलेल्या मॅग्नेटोतला कंडेन्सर न वापरताच गळू लागलेला असतो. गाडी थंड असताना एका किकमध्ये लागते, तापल्यावर अजिबात लागत नाही.

पिस्टन, गिअर, स्पिंडल, घडीव कंस यांच्याबाबत माझा वाद नाही. तिथे जुना माल मिळाला तर डोळे झाकून नव्हे, पण आनंदाने घ्यावा.

कॅडमियम

असहमत. रबर आणि कंडेन्सरची उदाहरणं घेऊन तुम्ही सोपी बाजू निवडली आहे. खरा प्रश्न गाडीवर डोळ्यांना दिसणाऱ्या आणि इंजिनात झिजणाऱ्या भागांचा आहे, आणि तिथे प्रतिकृती बहुतेक वेळा हरते.

कॅम फॉलोअर (कॅमवर घासत झडप उचलणारा तुकडा) घ्या. नकली फॉलोअरचा पाय मऊ निघाला तर काहीशे मैलांत त्याला खड्डे पडून तो झिजतो आणि सोबत चांगला कॅमही घेऊन जातो. झडपेचं अंतर सारखं वाढत राहिलं की समजायचं. रिमचं पाहा: एका बाजूला मोठा ड्रम असलेल्या हबला दोन्ही बाजूंच्या आऱ्यांचा कोन वेगळा लागतो, म्हणून रिमची भोकंही त्या हबनुसार तिरपी पाडलेली हवीत. 'डब्ल्यूएम2-19, 40 भोकं' (रिमची रुंदी, 19 इंच व्यास आणि भोकं) एवढंच सांगून मागवलेल्या रिमवर आऱ्या निपलपाशी वाकतात आणि पुढे तिथेच तुटतात. नकली सायलेन्सर बाहेरून हुबेहूब असतो, पण आत पडद्यांऐवजी सरळ भोकांची नळी असते. मागचा दाब बदलतो, मिश्रण पातळ होतं, आणि मग बिचाऱ्या कार्बुरेटरला दोष मिळतो.

झिजलेला मूळ भाग दुरुस्त करणं हाच पहिला पर्याय असावा. त्यानंतर जुना साठा, प्रतिकृती सगळ्यात शेवटी.

शोधायचं ते क्रमांकाने शोधा. ट्रायम्फच्या जुन्या यादीत ई म्हणजे इंजिन, टी गिअरबॉक्स, एफ फ्रेम, एच फोर्क, डब्ल्यू चाकं. पुढे ई-चं 70, टी-चं 57, एफ-चं 82, एच-चं 97 आणि डब्ल्यू-चं 37 झालं. मागचे आकडे तेच राहिले. बीएसएचे पहिले दोन आकडे भाग मुळात कोणत्या मालिकेसाठी काढला ते सांगतात. ए-7/ए-10 ची मालिका 67 ची, पण 65 किंवा 42 ने सुरू होणारे भागही ए-10 च्या यादीत असतात. 'ए-10 चा अमुक द्या' असं विचारणाऱ्याला मिळत नाही तो भाग क्रमांक सांगणाऱ्याला दुसऱ्याच मॉडेलच्या ढिगात मिळतो. ब्यूली किंवा केम्प्टन पार्कच्या ऑटोजंबलमध्ये (जुन्या सुट्या भागांच्या बाजारात) यादी छापूनच जावं.

सव्वीस_आटे

दोघेही आट्यांबद्दल बोलला नाहीत. सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

एकाच गाडीत चार मापपद्धतींचे आटे असतात. 5/16 इंच व्यासाचा बोल्ट सीईआय असेल तर इंचाला 26 आटे, बीएसएफ 22, यूएनएफ 24, व्हिटवर्थ 18. सायकलच्या परंपरेतून आलेला सीईआय स्पिंडल आणि फ्रेमच्या बोल्टांवर, तर जाड व्हिटवर्थ ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये. बीएसए आणि ट्रायम्फ 1960 च्या दशकाच्या शेवटी यूएनएफ-यूएनसीकडे वळल्या, तेही एकदम नाही. त्यामुळे त्या काळातल्या गाड्यांत सरमिसळ आढळते.

फसवणारं माप म्हणजे पाव इंच. बीएसएफ आणि सीईआय दोन्हींना 26 आटे, पण बीएसएफचा कोन 55 अंश, सीईआयचा 60. नट हाताने सहज चढतो, पूर्ण आवळला की आट्यांच्या कडाच भार घेतात आणि नंतर ते उपटतात. 5/16 व्हिटवर्थ आणि यूएनसीचंही असंच: दोन्ही 18, कोन वेगळे. आट्यांचं गेज लावल्याशिवाय कुठलाही 'जुना अस्सल' बोल्ट भोकात घालू नये. क्रँककेसचे आटे गेले असतील तर मूळ मापाचंच वायर इन्सर्ट (तारेच्या गुंडाळीचे नवे आटे) बसवा. तिथे मेट्रिक एम8 आटे पाडले की पुढच्या माणसाला मूळ स्टड कधीच वापरता येत नाही.

चकचकीत स्टेनलेस बोल्टांचे संच मूळ पद्धतीचे म्हणून विकले जातात, तेही पारखून घ्या. ए2-70 ची ताणशक्ती 700 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, पण तो 450 लाच कायमचा लांबायला लागतो. स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा आवळला तर चिकटून जाम होतो. मडगार्डला चालेल, ब्रेकच्या टॉर्क स्टेला (ब्रेक प्लेट फिरू न देणारी पट्टी), इंजिनच्या मुख्य स्टडला नाही.

टॅपेट

@सव्वीस_आटे, +1. क्रँककेसबद्दल तर शंभर टक्के.

@कॅडमियम, मऊ फॉलोअर बसवण्याआधीच ओळखता येतो. पायाच्या कडेला, कॅम घासत नाही अशा जागी, बारीक कानस हलकेच फिरवा. कानस घसरली तर ठीक, धातू कातरला गेला तर भाग परत पाठवा. म्हणजे दोष 'प्रतिकृती' असण्यात नाही, न तपासता बसवण्यात आहे. ए-10 च्या टायमिंग बाजूचं बुश (क्रँक ज्यात फिरतो ती नळी) बघा. बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरच्या बेअरिंगला) तेल त्यातूनच जातं, आणि तिथे अंतर वाढलं की दाब पडतो. वापरलेलं जुनं बुश शोधण्यात काय अर्थ आहे? नवं बुश मुद्दाम लहान भोकाचं येतं. ते क्रँककेसमध्ये दाबून, क्रँककेसचे दोन्ही भाग जोडून, ड्राइव्ह बाजूच्या बेअरिंगच्या रेषेत रीम करावं (भोक मापाला कातरावं) लागतं. सुटं रीम केलं तर क्रँक तिरका बसतो. इथे नवा भाग आणि नीट काम, एवढंच उत्तर आहे.

कार्बुरेटरच्या बाबतीतही झिजलेल्या मोनोब्लॉकला (ॲमल कंपनीचा जुना कार्बुरेटर) कवटाळू नका. सॉल्झबरीच्या बर्लेनकडून नवे ॲमल कार्बुरेटर येतात. त्यांना नकली म्हणणं अन्यायाचं आहे.

मोनोब्लॉक

नवे ॲमल चांगले आहेत, मान्य. पण तुमच्या गाडीचा मूळ मोनोब्लॉक हातात असेल तर तो फेकायची घाई का? बॉडीवरचा शिक्का वाचा: तिरक्या रेघेआधीचा आकडा प्रकार (376 किंवा 389), नंतरचा आकडा कोणत्या गाडीसाठी कसा जुळवला होता ते. तो जुळणारा तुकडा पुन्हा मिळत नाही.

दोन दोष नेहमीचे. एक, फ्लँज (इंजिनला टेकणारी बाजू) वाकलेली असते, कारण कुणीतरी दोन नट जीव खाऊन आवळलेले असतात. काचेवर 400 चा वॉटर पेपर ठेवून आठच्या आकड्यासारखी घासा, काळे डाग जाईपर्यंत. ओ-रिंगच्या खाचेची खोली शिल्लक राहते का ते मधूनमधून पाहा. दोन, स्लाइड आणि बॉडी दोन्ही जस्ताच्या मिश्रधातूच्या असल्याने एकमेकांना खातात. नुसती नवी स्लाइड घालून भागत नाही. बॉडी बोअर करून स्लाइडवर पितळी स्लीव्ह चढवून घेतली तर आयडल पुन्हा स्थिर होतो.

आतली सामग्री मात्र नवीच हवी. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साधं पेट्रोल ई10 (10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) झालं. जुन्या साठ्यातले फ्लोट, नळ्या, टाकीच्या आतला जुना लेप आणि फायबरग्लासची टाकी इथेनॉलला टिकत नाहीत. टाकीतला लेप सुटून चिकट कपटे थेट जेटमध्ये येतात.

नोंदवही

कागदांची बाजूही सांगते. ब्रिटनमध्ये सुट्या भागांपासून जोडलेल्या गाडीला 'पुनर्रचित क्लासिक' म्हणून वयानुरूप क्रमांक हवा असेल, तर डीव्हीएलएच्या (वाहन नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमाने भाग अस्सल, 25 वर्षांहून जुने आणि मूळ गाडीच्याच वर्णनाचे लागतात. नवी प्रतिकृती फ्रेम घेतली की क्यू क्रमांकाची (ज्यावरून गाडीचं वय कळत नाही) वेळ येते. म्हणून फ्रेम आणि क्रँककेसच्या बाबतीत कॅडमियम यांचं म्हणणं मला पटतं. तिथे प्रतिकृतीचा विचारच करू नये. इंजिन आणि फ्रेम क्रमांक कारखान्याच्या रवानगीच्या नोंदींशी पडताळता येतात. अशा नोंदी 1946 साली स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबच्या ग्रंथालयात आहेत. क्रँककेस विकत घेण्याआधी पडताळा.

लुकासच्या डायनॅमो, मॅग्नेटोवर प्रकारासोबत महिना-वर्षाचा शिक्का असतो. गाडीच्या तारखेच्या काही महिने आधीचा शिक्का बरोबर. नंतरचा असेल तर तो भाग मागाहून बदललेला.

कॅडमियम

बुशचं मान्य. कार्बुरेटरचं मोनोब्लॉक यांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं.

मुलाम्याबद्दल मात्र माझा एक आग्रह आहे. युद्धानंतरच्या गाड्यांचे बरेचसे नट-बोल्ट कॅडमियमच्या मंद राखाडी मुलाम्याचे होते. आज त्यावर चकचकीत जस्त किंवा क्रोम चढवतात आणि गाडी खेळण्यासारखी दिसते. कॅडमियम विषारी असल्याने घरी करायची गोष्ट नाही, पण मंद जस्त मुलामा त्याच्या बराच जवळ जातो. पॉलिश करणाऱ्याला आधी बजावा की बोल्टच्या डोक्यावरची अक्षरं घासून घालवू नको. आणि स्प्रिंग किंवा कडक पोलादाचा भाग मुलाम्यानंतर लगेच 190 ते 200 अंशांवर काही तास भाजायला सांगा. ॲसिडच्या टाकीत पोलादात शिरलेला हायड्रोजन बाहेर काढला नाही, तर भाग काहीच इशारा न देता तुटतो.

टॅपेट

हे भाजण्याचं सगळ्यांनी लिहून ठेवावं.

जुना के2एफ घेणाऱ्यांसाठी मापं देतो. प्रायमरी वाइंडिंग साधारण अर्धा ओहम, सेकंडरी वाइंडिंग पाच हजार ओहमच्या आसपास, पॉइंटचं अंतर 12 थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). मल्टिमीटरवर हे सगळं बरोबर आलं तरी कंडेन्सर खराब असू शकतो, कारण मल्टिमीटर फार कमी व्होल्टवर मोजतो. इन्सुलेशन टेस्टरवरच तपासून घ्या. आर्मेचर हाताने जड फिरत असेल तर जुनी शेलॅक वितळून बाहेर आली आहे. तो मॅग्नेटो कितीही अस्सल असला तरी नवीन वाइंडिंग धरूनच भाव करा.