उद्या पण सुट्टी (सोसायटी ग्रुप, थिबा पॅलेस रोड, रत्नागिरी)

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार. पावसाच्या रेड अलर्टमुळे उद्या पण जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना सुट्टी जाहीर झाली आहे. दुसरं म्हणजे आज दुपारी बी विंगची लिफ्ट परत दोन मजल्यांच्या मधे अडकली, आत चार मुलं आणि एक सायकल होती. पालकांनी कृपया लक्ष द्यावे.

बी-३०२ चिंगीची आई: सायकल आमची नाही 🙏

ए-३०१: सायकल मावली कशी पण आत

बी-३०२ चिंगीची आई: अहो पोरं घरात बसून बसून पिसाळलीत, खाली पाणी, वर गच्चीला कुलूप, करणार काय ती. मी काल रात्री जागून टाइमटेबल केलंय, हवं त्यांनी घ्या. ७ उठणे, ७:३० योगा, ८ ते ९ गणित, ९ ते १० इंग्लिश, १० ते १०:१५ ब्रेक, १०:१५ ते ११:१५ परिसर अभ्यास, मग मराठी, जेवण, २ ते ३ शांत वाचन, ३ ते ४ क्राफ्ट, ४ ते ५ रिव्हिजन. रंगीत प्रिंट काढून फ्रीजवर लावलंय.

ए-३०१: वा! पाठवा पीडीएफ

बी-१०४: आणि चिंगीने आज किती वाजेपर्यंत पाळलं ते पण 😄

बी-३०२ चिंगीची आई: पावणेनऊ

सी-१०१ बाई: चिंगीच्या आई, रागवू नका पण हे टाइमटेबल शाळेचं आहे, घराचं नाही. शाळेत तास असतो तो चाळीस पोरांसाठी असतो, त्यात हजेरी, वह्या काढा, बाई ह्याने मला ढकललं, पाणी पिऊन येऊ का, हे सगळं धरलेलं असतं. घरी एकटं मूल समोर घेऊन बसलात तर तेच गणित वीस-पंचवीस मिनिटांत उरकतं आणि उरलेला वेळ तुम्ही दोघी एकमेकींवर डाफरत काढता. मी जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत बरीच वर्षं काढली, दुसरी आणि चौथी एकाच खोलीत माझ्याकडे. एका वर्गाला तोंडी शिकवायचं तेव्हा दुसऱ्याच्या हातात काहीतरी काम हवंच, नाहीतर छप्पर डोक्यावर घेतात. म्हणून सकाळी फळ्यावर दोनच गोष्टी लिहायचे, आज काय संपवायचं आणि ते संपलं की काय करायचं. वेळ लिहीतच नव्हते. आणि चौथीतल्यांनी दुसरीतल्यांचे पाढे घ्यायचे, त्यात चौथीच्यांचेच पाढे पक्के व्हायचे. ज्यांच्याकडे दोन भावंडं आहेत त्यांनी हे करून बघा.

बी-३०२ चिंगीची आई: बाई रागवले नाही. पण वेळच नाही लिहिली तर दिवसभर टीव्हीसमोर लोळतात हो

सी-१०१ बाई: वेळ हवी, पण घरात आधीच ठरलेल्या गोष्टींना बांधा. आंघोळ झाली की वाचन. कुकरची शिटी व्हायच्या आत गणित. वीज गेली की तोंडी गोष्टी आणि पाढे, ती तर रोज जातेच.

ए-२०४ दादा: वीज गेली की पाढे 😂 आमच्या विंगला पोरं आईनस्टाईन होणार

बी-१०४: हे सगळं ठीक आहे पण ज्यांना घरी थांबता येतं त्यांच्यासाठी. आम्ही दोघं साडेआठला बाहेर पडतो, माझी सुट्टी रेड अलर्टने होत नाही. घरी सासूबाई आणि तिसरीतला मुलगा. शाळेच्या ग्रुपवर रोज पीडीएफ येतात, आज एका दिवसात इतक्या आल्या की माझा फोन हँग झाला, त्या सासूबाईंनी उघडायच्या कशा आणि त्याला सांगायच्या काय. तो फोन घेऊन बसतो आणि आज्जीला सांगतो अभ्यास करतोय.

सी-१०१ बाई: तुमचं खरं आहे ताई. तुम्ही पीडीएफ सोडा. जाताना दहा मिनिटं द्या आणि त्याला एकच प्रश्न देऊन जा ज्याचं उत्तर संध्याकाळी तुम्हाला हवंय. खरंच हवं असलेलं उत्तर हं, पोरांना लगेच कळतं आपण उगाच विचारतोय ते. आणि सासूबाईंना वाचता येवो न येवो, त्याने धडा त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा. मधेच त्या विचारतील "म्हणजे काय रे?" आणि त्याला सांगावं लागेल. पुस्तकं बालभारतीच्या साइटवर फुकट आहेत, नेट असताना उतरवून ठेवा.

बी-१०४: उत्तर हवं असलेला प्रश्न म्हणजे कसला पण

ए-२०४ दादा: मी सांगू? किती पाऊस पडला. बातम्यांत रोज येतं अमुक मिलिमीटर, आपल्या गच्चीवर किती पडला कोणालाच माहीत नाही. सरळ अंगाची कोल्ड्रिंकची बाटली घ्या दोन लिटरची, वरचा निमुळता भाग कापा आणि तोच उलटा करून आत बसवा, नरसाळ्यासारखा. तळाला ते खळगे असतात तिथे खडे टाकून वर थोडं पाणी घाला, सपाट पातळी आली की तिथे शून्य. मग पट्टी चिकटवा. मोजमाप सकाळी ८:३० ला, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस ८:३० ते ८:३० असतो, म्हणजे ग्रिनिचला पहाटेचे ३. रीडिंग झालं की बाटली शून्यापर्यंत रिकामी. पाण्याच्या टाकीला चिकटून ठेवू नका, भिंतीच्या आडोशाला पाऊस कमी लागतो.

सेक्रेटरी: गच्चीची किल्ली माझ्याकडे आहे. मुलांनी एकट्याने जायचे नाही, शेवाळ आहे. मोठं माणूस सोबत असेल तर देईन.

ए-३०१: आमचा दहावीचा आहे त्याला हे काय उपयोगाचं नाही. त्याला कसं बसवायचं ते सांगा

सी-१०१ बाई: त्याला बसवू नका, त्याचं टाइमटेबल त्याला करू दे आणि तुम्हाला फक्त दाखवू दे. सकाळची एक मोठी बैठक, संध्याकाळची एक, आणि जुनी प्रश्नपत्रिका सोडवायची तर घड्याळ लावून एका दमात. मधे चहा नेऊन देऊ नका.

ए-३०१: चहा पण नाही??

तांडेल काका सी-४०३: वहिनीनू पोरांका समुद्र शिकवा मगे बघा. मासेमारीची बंदी ३१ जुलैपर्यंत हा, होडये वर काढलेले, माका काय काम नाय. संध्याकाळी पार्किंगात पोरांका घेऊन बसतंय. भरतीची वेळ मोबाईलात कित्याक बघूक होयी? तिथीची पाऊणपट करूची, झाला. आज पंचमी. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. पावणेचाराक भरती, परत पहाटे सव्वाचाराच्या सुमाराक.

बी-३०२ चिंगीची आई: काका हे दरवेळी जुळतं का?

तांडेल काका सी-४०३: अर्धो-पाऊण तास हय-थय होता. पण होडी काढूक तेवढा पुरता.

ए-२०४ दादा: काका भारी! चिंगीला विचारायला सांगा पाऊणपटच का. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते, कारण आपण फिरून परत चंद्रासमोर येईपर्यंत चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. ५० मिनिटं म्हणजे पाऊण तासाच्या जवळ, म्हणून तिथी गुणिले पाऊण. सहावी-सातवीच्या पोरांनी एका रकान्यात काकांचं उत्तर, दुसऱ्यात भरतीच्या तक्त्यातली वेळ आणि तिसऱ्यात फरक असं पंधरवडाभर लिहायचं. अपूर्णांक त्यातच होऊन जातात. मात्र मांडवीच्या किंवा भाट्याच्या किनाऱ्यावर बघायला कोणी जायचं नाही, समुद्र खवळलाय. खाडी बी विंगच्या चौथ्या मजल्याच्या जिन्यातून दिसते.

सेक्रेटरी: 👍 जिन्यात गर्दी करू नये.

(दुसऱ्या दिवशी रात्री)

बी-१०४: दादा आमच्याकडे आत्ताच १५२ मिलिमीटर दाखवतंय!! सकाळी ८:३० ला रिकामी केली होती. बातम्यांत तर एवढा नाही म्हणाले

ए-२०४ दादा: इथे ३८. तुमची बाटली कशी आहे फोटो टाका

बी-१०४: ह्यांनी वरचा तुकडा चुकून कचऱ्यात टाकला म्हणून सासूबाईंनी रॉकेलचं जुनं नरसाळं लावलं, छान बसलंय

ए-२०४ दादा: हां तिथेच घोळ. नरसाळ्याचं तोंड किती आणि बाटलीचं किती, मोजायला सांगा त्याला

बी-१०४: नरसाळं २० सेंटिमीटर, बाटली १०. तो म्हणतोय दुप्पट आहे म्हणून ७६ झाला

ए-२०४ दादा: त्याला वर्तमानपत्रावर दोन्हीचे गोल काढून कापायला सांगा आणि लहान गोल मोठ्यात किती बसतात बघू दे, तुकडे करून बसवले तरी चालतील

बी-१०४: चार!! तुकडे करून करून चार बसले. १५२ भागिले ४ = ३८. तुमच्याएवढाच!!! तो उड्या मारतोय, खालच्या मजल्यावर कोणी झोपलं असेल तर सॉरी. आज त्याने फोन मागितला नाही अजून

सी-१०१ बाई: तिसरीच्या पोराला क्षेत्रफळ समजलं, आणि कोणी शब्दसुद्धा काढला नाही क्षेत्रफळाचा. नरसाळं तसंच राहू द्या. रोज भागायला लागेल.

बी-३०२ चिंगीची आई: आमच्या चिंगीने गच्चीचा हिशोब काढलाय. १ मिमी पाऊस एका चौरस मीटरवर म्हणजे १ लिटर असं दादाने सांगितलं तिला. सेक्रेटरी काका गच्ची किती चौरस फूट आहे विचारतेय

सेक्रेटरी: ३२०० धरा.

बी-३०२ चिंगीची आई: म्हणजे ३०० चौरस मीटरच्या आतबाहेर. ३०० गुणिले ३८ = ११,४०० लिटर. आज एका दिवसात! ती विचारतेय मे महिन्यात आपण दहा हजार लिटरचे टँकर का मागवत होतो

तांडेल काका सी-४०३: 😂😂 चेडवान बरोब्बर पकडल्यान

सेक्रेटरी: पावसाचे पाणी साठवण्याचा विषय मागच्या सभेत तहकूब झाला होता, खर्चामुळे. कोणी अडवला ते इतिवृत्तात आहे.

ए-३०१: हा मेसेज डिलीट केला आहे

सी-१०१ बाई: सभेत चिंगीला बोलवा. आणि एक विनंती, प्रोजेक्ट म्हटलं की लोक स्टेशनरीच्या दुकानात पळतात. थर्माकोल, चमकी, नेटवरचा थिबा राजाचा फोटो, आणि रात्री बाराला आई गोंद लावतेय. हे आपण बंद करू. राजा १८८६ मध्ये इथे आणला आणि १९१६ मध्ये इथेच वारला, हे पोरं नेटवरून उतरवतात. पण एवढ्या लांब ब्रह्मदेशाच्या राजाला रत्नागिरीतच का आणून ठेवला असेल हे कोणी विचारत नाही. नकाशा द्या हातात आणि वाद घालू दे त्यांना जेवताना.

ए-२०४ दादा: आणि उघडीप मिळाली की कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली जुनी चित्रं. उक्षी आणि जांभरूण जवळच आहेत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आलीत. दोरी आणि टेप नेऊन एक चित्र मोजायचं आणि आलेख कागदावर लहान करून काढायचं. आत्ता नको, सड्यावर, म्हणजे त्या उघड्या कातळावर, घसरतं.

बी-१०४: बाई तुम्ही म्हणालात तसं सासूबाईंना काल धडा वाचून दाखवला त्याने. त्या म्हणाल्या धडा ठीक आहे, आता मी सांगते, आणि टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी सगळं सांगितलं, कुठे उगवते, कशी चिरायची, कुठल्या भाजीत फणसाच्या आठळ्या घालतात. त्याने वहीत चित्रं काढलीयत. कुर्डू आणि टाकळा सारखेच दिसतायत पण असो.

सी-१०१ बाई: सारखे दिसले तर पानं आणून चिकटवायला सांगा शेजारी शेजारी. टाकळ्याची पानं रात्री मिटतात, ते बघू दे त्याला.

(सकाळी)

ए-२०४ दादा: ८:३० चं रीडिंग गच्ची: १२१ मिमी. रात्री बाटली भरायला आली होती म्हणून दोनदा ओतून मोजलंय. ११५.६ च्या वर म्हणजे अति मुसळधार.

बी-१०४: आमचं ४७६, भागिले ४ = ११९. ह्यांनी दर दोन-अडीच तासांनी उठून मोजून ओतलंय रात्रभर.

सेक्रेटरी: आत्ताच निरोप आला, उद्यापासून शाळा नियमित सुरू. रीडिंगची वही मात्र चालू ठेवावी, सभेत लागेल.

बी-३०२ चिंगीची आई: पण साडेआठला तर स्कूल बस गेलेली असते, रीडिंग घेणार कोण?

ए-१०२ आजोबा: मी घेईन. किल्ली आणि बारीक आकडे दिसतील अशी पट्टी द्या. भागाकार मात्र पोरांनी संध्याकाळी येऊन करायचा.