सर्व्हर रूमचं वीजबिल कमी करायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसात छोटी सर्व्हर रूम आहे, चारच रॅक. पण वीजबिल आलं की अकाउंट्सवाले माझ्याकडेच बघतात.

एसी चोवीस तास १८ अंशांवर चालतो. ‘थंड असलेलं बरं’ एवढंच त्यामागचं शास्त्र! ॲश्रे या एसी-वातानुकूलन क्षेत्रातल्या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस चालते, म्हणजे वाढवायला भरपूर वाव आहे. अडचण अशी की रॅकच्या वरच्या भागात पुढूनही हवा चांगलीच गरम लागते. मधल्या रिकाम्या जागांतून मागची गरम हवा फिरून पुढे येते. तिथे ब्लँकिंग पॅनल (रिकामी जागा झाकणाऱ्या पट्ट्या) लावतोय, ते स्वस्तातलं काम आहे.

पॅनल लागल्यावर तापमान एका वेळी किती वाढवावं? सेन्सर रॅकच्या पुढे वर, मध्ये, खाली असे तिन्हीकडे लावावेत का? शिवाय हवा गरम झाली की सर्व्हरचे पंखे जोरात फिरतात, आणि पंख्याची वीज साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मग एसीत वाचलेलं पंख्यांतच जायचं! तुमच्याकडे हा टप्पा किती अंशांना आला?

दुसरं, यूपीएस दोन आहेत आणि दोन्हींवर लोड अगदी कमी, त्यामुळे कार्यक्षमताही कमी. एक बंद करायला साहेब तयार नाहीत (बरोबरच आहे म्हणा). इको मोड (नेहमी थेट बाहेरची वीज, ती गेली की बॅटरी) कोणी वापरतं का? वीज गेल्यावर बॅटरीवर जाताना सर्व्हर रीस्टार्ट झाले का?

जुने सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर (एकाच मशीनवर अनेक आभासी सर्व्हर) हलवायचं ठरलेलंच आहे.

आणि हो, पीडीयूला (रॅकमध्ये वीज वाटणाऱ्या पट्टीला) मीटर नाही. क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती लावून करंट मोजतो तो) भागेल का?