पडत्या काळात लिहीत राहिलात का? सांगली-मिरजकरांनो, तुमचे अनुभव सांगा

ऑगस्ट 2019 चा महापूर, त्यातून सावरतोय तोवर कोरोना, आणि जुलै 2021 मध्ये कृष्णेचं पाणी पुन्हा दारात. आपल्या भागात त्या काळात घरोघरी काहीतरी मोडलं. अशा दिवसांत जे नेमानं लिहीत राहिले, मग वहीत असो की मोबाइलवर, त्यांना विचारायचंय: कशासाठी लिहीत होता? सुरुवात मीच करते.

आमचं घर सांगलीत गावभागात. 2019 चं पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला माणसं येणार म्हणून भिजलेल्या सामानाची यादी करायला बसले. कागदावर 'लोखंडी कपाट, एक' एवढंच जातं. पण त्यात सासूबाईंची लग्नातली नऊवारी होती, चिखलानं एकमेकांना चिकटलेले फोटो होते. ते कुठं लिहायचं? म्हणून वेगळी वही केली. मग त्यात पाण्याचीही नोंद आली. आयर्विन पुलापाशी 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, हे सांगलीत पोरासोरांना पाठ असतं. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पण किती फुटाला आमच्या बोळाच्या तोंडाशी येतं, किती फुटाला पहिल्या पायरीला लागतं, हे कुठल्याच बातमीत नसतं. ते माझ्या वहीत होतं. 2021 ला बोळातल्या बायका मला फोन करून विचारायच्या, "काकू, आता सामान वर घेऊ का?" रडण्यासाठी धरलेली वही शेजाऱ्यांच्या उपयोगी पडली. तेव्हापासून लिहायला बसताना मन कचरत नाही.

मिरज, परिचारिका
2021 च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेत, कोविड वॉर्डात होते. नातेवाइकांना आत सोडत नव्हते, त्यामुळे पेशंटचे निरोप आम्हीच पोचवायचो. 'गोठ्यातल्या म्हशीला कोण बघतंय', 'पोरीला फी भरायला सांगा'. असे निरोप चिठ्ठीवर घ्यायची, आणि ड्यूटी संपली की घरी येऊन उरलेलं लिहायची. नाव कुणाचंच लिहायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवलं. तानपुरे बनवणारे एक आजोबा होते. ऑक्सिजन चालू असतानाही भोपळ्याविषयी बोलायचे. पंढरपूरकडून येतो, पुरता वाळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, घाई केली की आवाज बसतो. ते घरी गेले नाहीत. त्यांचं बोलणं मी जमेल तसं त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवलं होतं. पुढं त्यांचा मुलगा भेटायला आला तेव्हा ती पानं त्याच्या हातात दिली. तो तिथंच उभा राहून वाचत होता. आपल्या नोकरीत औषध-पाण्यापलीकडंही काही करता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तासगाव भाग, द्राक्षबागायतदार
आमच्याकडं फवारणीची वही असतेच. तारीख, औषध, प्रमाण. मार्च 2020 ला मालात साखर उतरली होती, लॉकडाऊन लागला आणि व्यापारी फिरकेना. जमेल तेवढा माल शेडवर नेऊन बेदाणा केला. त्या वहीतच मागच्या पानापासून लिहायला लागलो. बँकेचा हप्ता, बायकोचं न बोलणं, सगळं. बोलायला माणूस नव्हतं, वही होती. आमचं एवढंच.

विश्रामबाग
सगळे लिहा म्हणतात, म्हणून माझंही ऐका. वडील गेल्यावर रोज रात्री लिहायचो. रोज तीच रात्र, तोच फोन, तीच ॲम्ब्युलन्स. झोप उडाली. शेवटी वही बंद केली आणि पहाटे चालायला जायला लागलो. मला त्यानंच तारलं.

समुपदेशक, सांगली
विश्रामबागच्या दादांशी मी सहमत आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या विद्यार्थिनीनं अमेरिकेत केलेला एक प्रयोग 1986 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांना ओळीनं चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगावर लिहायला लावलं होतं. लिहून होताच मन जास्त जड झालं, पण पुढच्या महिन्यांत घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणजे थोडा वेळ, थोडे दिवस. तोच प्रसंग रात्री-अपरात्री उगाळत बसणं वेगळं. झोप उडत असेल तर लिहिणं थांबवा, आणि कुणाशी तरी बोला. माझ्याकडं येणाऱ्यांना मी दिवसा लिहायला सांगते.

विटा
आमच्या भागातली निम्मी घरं गलाईवर. मालक केरळात, सोनं-चांदी गाळायच्या दुकानावर. 2020 ला दुकान बंद, गाड्या बंद, ते तिकडंच अडकले. फोनवर दोघंही 'बरं आहे' एवढंच म्हणायचो. म्हणून मी लिहायला घेतलं. विहिरीला पाणी किती, मामंजींचा गुडघा, पोरगं शाळेविना काय करतंय. पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपला टाकायचा. सासूबाई म्हणायच्या, "काय लिवतीस गं सारखं?" मग एक दिवस त्याच म्हणाल्या, "माझं बी दोन ओळी लिव त्याला." फोनवर जे त्या कधी बोलल्या नसत्या ते त्यांनी मला सांगून लिहून घेतलं. तिकडून त्यांचीही पानं यायला लागली, आणि संसारात इतकी वर्षं न कळलेलं बरंच काही मला त्यांतून कळलं. आता ते येऊन-जाऊन असतात. तरी महिन्याकाठी एक पान दोन्हीकडून जातंच.