‘कॉमिक्सवर बेतलेला’ सिनेमा : बेतणे, आधारित, रूपांतर

शहापूरकर :

रविवारी आमच्या घरी चौघे जमलो होतो. सॅम रेमीचा २००२ सालचा ‘स्पायडर-मॅन’ पुन्हा लावला. पीटर पार्करच्या, म्हणजे स्पायडर-मॅन झालेल्या पोराच्या, मनगटातून पहिल्यांदा जाळं उसळलं आणि तिथंच सिनेमा थांबवून वाद सुरू झाला. एक म्हणाला, “हा कॉमिक्सवर आधारित नव्हेच.” दुसरा म्हणाला, “आधारितच आहे, रूपांतर नाही.” मी म्हणालो, “बेतलेला आहे.” तासभर घसे कोरडे झाल्यावर ध्यानात आलं की तिघांच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी होत्या. चौथा मित्र घरी कन्नड बोलतो. तो म्हणाला, “तीन तीन शब्द कशाला लागतात गा तुम्हाला? आमच्या पोस्टरवर ‘कादंबरी आधारित’ लिहितात, झालं की.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ मध्ये जो स्पायडर-मॅन आणला, त्याच्या अंगातून जाळं येत नाही. मनगटावर बांधायचं यंत्र आणि त्यात भरायचा चिकट द्राव तो पोरगा स्वतः बनवतो. रेमीनं ते यंत्र काढून टाकलं. २०१२ च्या सिनेमात ते परत आलं.

सिनेमा चांगला की वाईट हे मी विचारत नाही. परीक्षणांत हे तिन्ही शब्द एकाच अर्थानं छापलेले दिसतात. त्यांच्यात खरंच फरक आहे का? आणि असला तर या सिनेमाला कुठला शब्द लावायचा?

निपाणीकर :

फरक आहे, आणि तो आपल्या नाटकवाल्यांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी करून ठेवलाय. देवलांनी शेक्सपियरचा ऑथेल्लो मराठीत आणला तो ‘झुंजारराव’ म्हणून. नाव बदललं, पोशाख बदलला, माणसं इथली झाली. हे रूपांतर. पीटर पार्कर पडद्यावरही न्यूयॉर्कचाच पीटर पार्कर राहतो, म्हणून रेमीच्या सिनेमाला रूपांतर म्हणता येणार नाही. त्याला हवं तर माध्यमांतर म्हणा.

खरं रूपांतर बघायचं तर पवित्र प्रभाकर. २००४ मध्ये आपल्याकडच्या लोकांनी स्पायडर-मॅन मुंबईत आणला, धोतर नेसवलं, पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर केला. तोच पुढं २०२३ च्या ॲनिमेशनपटात आला आणि तो सिनेमा भारतात दहा भाषांत लागला. त्यांत मराठी होती, कन्नडही होती. बेळगावच्या पोरांना एकच कोळी दोन्ही घरभाषांत ऐकायला मिळावा, याचा मला फार आनंद झाला होता.

आणि त्याच्याही आधी वेताळ! १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स निघू लागली, त्यांत ली फॉकचा फँटम मराठीत ‘वेताळ’ झाला. फँटमचा सरळ अर्थ भूत. पण गोवा-सिंधुदुर्गाकडं वेताळ हा गावाची राखण करणारा देव आहे. जंगलातल्या माणसांची पिढ्यान्‌पिढ्या राखण करणाऱ्या त्या मुखवटाधाऱ्याला याहून नेमकं नाव कुणाला सुचलं नसतं. शब्द एकच बदलला आणि पात्र आपलं झालं.

‘आधारित’बद्दल तुमच्या कन्नड मित्राचं बरोबर आहे. तो सावध शब्द आहे. किती घेतलं, काय सोडलं, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

शहापूरकर :

मग अण्णासाहेब किर्लोस्करांचं काय? आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा माणूस. १८८० साली त्यांनी ‘शाकुंतल’ मराठी रंगभूमीवर आणलं. दुष्यंत दुष्यंतच राहिला, शकुंतला शकुंतलाच. पण पदं घातली, चाली लावल्या, आणि प्रेक्षकानं संस्कृत न शिकता ते डोक्यावर घेतलं. हे झुंजाररावासारखं रूपांतर नाही आणि शब्दाला शब्द ठेवलेलं भाषांतरही नाही. मला वाटतं ‘बेतलेला’ हा शब्द इथंच लागतो.

वडगावची लेक :

दादा, ‘बेतणे’ आला म्हणून लिहायला बसले. माझे बाबा शिंपी. वडगावात आजूबाजूला मागांचा खडखडाट आणि आमच्या घरात शिलाई मशीन. सिनेमाच्या परीक्षणात वाचायच्या कितीतरी आधी हा शब्द मी जमिनीवर अंथरलेल्या कापडाशेजारी बसून ऐकलाय.

बेतणे म्हणजे शिवणे नव्हे, आणि नुसतं कापणेही नव्हे. कापड पसरायचं, सुरकुती काढायची, खडूनं रेघा मारायच्या, पाठ कुठून निघेल, बाही कुठून, कॉलरला तुकडा पुरेल का, हे सगळं आधी डोळ्यांनी बघायचं. मग कात्री लावायची. बाबा म्हणायचे, “बेतताना घाई करू नको, कात्री माघारी येत नाही.” जेवणाचा बेत, बेताची परिस्थिती, बेताबेतानं खर्च करणं, या सगळ्यांत तेच मोजमाप आहे.

म्हणून मला ‘बेतलेला’ हा शब्द ‘आधारित’पेक्षा खूप मोठा वाटतो. तो लगेच विचारतो : कुणाच्या मापाला? कॉमिक्स महिन्यामागून महिने चालतं. तिथं द्राव ऐन वेळी संपला की एका अंकाची धडधड मिळते, आणि पोरगा हुशार आहे हेही दिसतं. रेमीनं दोन तासांच्या मापाला वेगळं बेतलं. आणि २००४ च्या दुसऱ्या भागात त्याचं कारण कळतं. पीटर मनानं खचतो आणि जाळं यायचं थांबतं. यंत्र असतं तर द्राव संपला एवढंच झालं असतं. इथं त्याचा जीवच त्याला साथ देत नाही. कॉमिक्सवाल्यांना राग येतो ते मला समजतं, पण हा बेत चुकलेला नाही.

खानापूरकर :

ताई, तुमचं पटतंय, पण एक शब्द निसटतोय. ‘वर’. कापड घेऊन तुम्ही काय म्हणता? ‘या कापडातून सदरा बेतला.’ आणि माणूस समोर असला की? ‘त्याच्या अंगावर बेतला.’ आपण ‘कॉमिक्समधून बेतलेला’ असं कधीच म्हणत नाही. ‘कॉमिक्सवर बेतलेला’ म्हणतो. म्हणजे कॉमिक्स हे कापड नव्हे, अंग आहे. सिनेमा हा त्या अंगावर चढवायचा सदरा. मग माप सिनेमाचं नाही, कॉमिक्सचंच लागणार. सदरा झकास असेल, पण ज्याच्यासाठी शिवला त्याला होत नसेल तर शिंप्याला विचारणारच की.

थॅनॉस या खलनायकाचंच बघा. १९९१ च्या कॉमिक्समध्ये तो निम्मी जीवसृष्टी पुसतो ती मृत्यूदेवीला रिझवण्यासाठी. त्याचं तिच्यावर प्रेम आहे, आणि ती त्याच्याकडं बघतही नाही. २०१८ च्या सिनेमात तो म्हणतो, खाणारी तोंडं जास्त, साधनं कमी, म्हणून निम्मे नकोत. प्रेमात वेडा झालेला राक्षस गेला आणि हिशेब मांडणारा आला. सिनेमा मी तीनदा बघितला, मला तो आवडतो. पण तो सदरा दुसऱ्याच माणसाचा आहे.

आणि माध्यम बदललं की काय होतं त्याचा जुना नमुना आमच्याकडं देवळाच्या आवारात उभा आहे. वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. शब्दातला ‘गळ’ म्हणजे कन्नड ‘कल्लु’, दगड. अर्धा शब्द संस्कृत, अर्धा कन्नड, आणि बोलतो आपण मराठीत. खालच्या चौकटीत लढाई किंवा पळवलेली गुरं सोडवताना आलेलं मरण, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला नेतायत, वर शिवलिंगापुढं बसलेला वीर, माथ्यावर चंद्रसूर्य. खालून वर वाचायचं कॉमिक्सच ते. एवढ्या दगडात सगळं आयुष्य मावत नाही, पण गुरं वाचवताना मेला ही गोष्ट कुठलाही पाथरवट गाळत नाही. थॅनॉसचं प्रेम मला तसं वाटतं.

निपाणीकर :

‘वर’चा मुद्दा जबरदस्त. ‘जिवावर बेतणे’ मध्येही तोच ‘वर’ आहे. २०१३ च्या सिनेमात सुपरमॅन झॉड या खलनायकाची मान मोडतो तेव्हा माझ्या तोंडून तेच निघालं होतं : हे पात्राच्या जिवावर बेतलं.

शहापूरकर :

अण्णा, तिथंच मी अडतोय. सुपरमॅन मारत नाही हे आपण सगळे धरून चालतो. पण १९८८ मध्ये जॉन बर्नच्या कॉमिक्समध्ये त्यानं झॉड आणि त्याच्या दोन साथीदारांना मारलंय, आणि त्याचं ओझं पुढं बरेच अंक वागवलंय. मग कुठलं कॉमिक्स अंग धरायचं? १९३८ चा सुपरमॅन उडतसुद्धा नव्हता, लांब उड्या मारायचा. त्याची ताकद हिरावून घेणारं क्रिप्टोनाइट आधी रेडिओवरच्या मालिकेत आलं, कॉमिक्समध्ये नंतर. आज ते दोन्ही काढून टाकले तर ‘मूळ बिघडवलं’ म्हणून आपणच ओरडू.

झॉडबद्दल माझं मत सांगतो. मारणं हा दोष नाही. बर्ननं मारण्याचा परिणाम दाखवला. सिनेमानं एक किंकाळी दाखवली आणि पुढं गेला. सदरा अंगाला होतो, पण बटणंच लावलेली नाहीत.

वडगावची लेक :

खानापूरचे दादा, ‘वर’बद्दल तुम्ही जिंकलात. मी रात्री बाबांना विचारलं. ते म्हणाले, “कापडातून बेततो, अंगावर बेततो, दोन्ही म्हणतो. पण ‘कशावर बेतला’ म्हटलं की अंगच.” तेव्हा मी माझं वाक्य बदलते. कॉमिक्स अंग आहे.

पण शहापूरच्या दादांचंही खरं आहे. हे अंग एका जागी थांबलेलं नाही. सदऱ्यानं अंग बदलल्याचं उदाहरण तर पहिल्याच प्रश्नात आहे. रेमीचा सिनेमा आला २००२ मध्ये, आणि २००४ मध्ये कॉमिक्समधल्या पीटरलाही काही काळ अंगातून जाळं येऊ लागलं! पुढं ते गेलं, यंत्र परत आलं. असलं अंग समोर असलं की शिंपी काय करतो ते मला माहीत आहे, कारण शाळेच्या गणवेशाच्या दिवसांत आमच्या घरी रोज तेच चालायचं. वाढत्या पोराचं माप घ्यायचं ते आजचंच, सैल शिवायचं नाही. पण शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्त ठेवायचं. त्याला आमच्यात ‘माया’ म्हणतात. बाहेरून दिसत नाही. पुढच्या जूनमध्ये आई तोच शर्ट घेऊन येते, तेव्हा उसवून सैल करता येतो.

थॅनॉसच्या सिनेमात माया ठेवलेली नाही असं माझं मत झालंय. मृत्यूदेवीला आत घ्यायला जागाच उरली नाही. रेमीच्या पहिल्या भागात मात्र ती होती, आणि दुसऱ्या भागात त्यांनी ती उसवून वापरली.

खानापूरकर :

माया! चंदगडकडं आमचे पाहुणे सुतारकाम करतात, तेही लाकूड कापताना मायाच ठेवतात. ताई, बाबांना एवढं विचारा : कापताना माया ठेवायची राहिली, तर त्या चुकीला त्यांच्यात वेगळा शब्द आहे का? मला तो थॅनॉससाठी हवा आहे.