बाळ लहान भरते म्हणून ३७व्या आठवड्यातच कळा आणाव्यात का?

मांजराकाठ (धाग्याची सुरुवात)

माझ्या धाकट्या बहिणीचे हे पहिले बाळंतपण आहे. ती सध्या माहेरी, केज तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर आईजवळ आहे. मी नोकरीमुळे लातूरला असते. सोमवारी तिला ३६ आठवडे पूर्ण झाले आणि त्याच दिवशीच्या सोनोग्राफीत बाळाचे अंदाजे वजन २२५० ग्रॅम आले. अहवालाच्या तळाशी ‘वाढ दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली’ अशी ओळ आहे आणि तिच्याखाली पेनाने दोन रेघा मारल्या आहेत. ३७ आठवडे भरले की दाखल व्हा, गर्भाशयाचे तोंड मऊ करणारे जेल ठेवून कळा आणू, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्या दिवसापासून आई नीट जेवलेली नाही.

माझे मत असे आहे की केवळ बाळ लहान आहे एवढ्या कारणाने ३७व्या आठवड्यात घाई करू नये. दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली म्हणजे त्याच दिवसांची शंभर बाळे वजनाच्या क्रमाने मांडली तर आपले बाळ शेवटच्या दहांत येते, इतकाच त्याचा अर्थ. त्या दहांतली काही बाळे वारेतून पुरेसे रक्त मिळत नसल्यामुळे खुंटलेली असतात आणि काही आईबापांच्या अंगकाठीप्रमाणे मुळातच लहान असतात. माझी बहीण १४८ सेंटिमीटर उंच आहे आणि दिवस राहिले तेव्हा तिचे वजन ४२ किलो होते. ३२व्या आठवड्यात बाळ १६०० ग्रॅमचे होते, म्हणजे तेव्हाही ते साधारण याच रेषेवर होते आणि चार आठवड्यांत साडेसहाशे ग्रॅम वाढले आहे. बाळाभोवतीचे पाणी पुरेसे आहे. नाळेतल्या रक्तप्रवाहाचे डॉपलर व्यवस्थित आहे. शिवाय सोनोग्राफीतल्या वजनात दहा ते पंधरा टक्क्यांची चूक सहज होते, म्हणजे हे बाळ प्रत्यक्षात दोन किलोचेही असू शकते आणि अडीच किलोचेही.

नेदरलँड्समध्ये याच प्रश्नावर ६५० गर्भवतींचा अभ्यास झाला आणि तो २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. ३६ आठवड्यांनंतर बाळाची वाढ कमी असल्याचा संशय असलेल्या या स्त्रियांपैकी निम्म्यांच्या कळा लगेच आणल्या आणि निम्म्यांना देखरेखीखाली थांबवले. बाळांना झालेल्या त्रासात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. कळा आणल्याने सिझेरियन वाढते अशी माझी समजूत होती, तीही खरी ठरली नाही. दोन्हीकडे ते १४ टक्क्यांच्या आसपास होते. मात्र त्याच अभ्यासाच्या पुढच्या विश्लेषणात असे दिसले की ३८ आठवड्यांच्या आधी कळा आणलेल्या बाळांना नवजात कक्षात जास्त ठेवावे लागले. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांची संघटनाही तिसऱ्या ते दहाव्या पर्सेंटाइलमधल्या बाळासाठी, बाकी सर्व ठीक असल्यास, ३८ ते ३९ आठवड्यांदरम्यान प्रसूती सुचवते. ३७व्या आठवड्याची शिफारस तिसऱ्या पर्सेंटाइलच्या खालच्या बाळांसाठी आहे. मग आम्ही आठवडाभर का थांबू नये? निर्णय शुक्रवारपर्यंत कळवायचा आहे.

गोदाकाठ

ताई, आपण अभ्यास करून लिहिले आहे, तरीही मी आपल्या मताच्या पूर्णपणे विरोधात आहे, आणि का ते सांगते.

माझ्या पहिल्या वेळी कार्डावर पोटाच्या उंचीचा आकडा तीन तपासण्यांमध्ये एकच होता. ३१, ३१, ३१. तारखा वेगळ्या, शाई वेगळी, आकडा तोच. आठवडे पुढे जातात तशी ही उंची साधारण तितके सेंटिमीटर वाढायला हवी, हे मला पुष्कळ उशिरा कळले. बाळ लहान आहे असे एकदा बोलले गेले होते. पण तुमच्या घरात सगळे बारीकच आहेत, असे म्हणून तो विषय तिथेच संपला. ३८व्या आठवड्यात हालचाल मंदावली, तेव्हा बाळ मोठे झाले की आत जागा पुरत नाही, असे घरातल्यांनी आणि तपासणाऱ्यांनीही सांगितले. दोन दिवसांनी ठोके सापडले नाहीत. मुलगी होती. १९०० ग्रॅम.

म्हणून ‘आमच्याकडे बाळे लहानच असतात’ हे वाक्य मला सहन होत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने नव्वदच्या दशकात जो अभ्यास केला, त्यात पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आत होते हे खरे. पण त्याच कामातून हेही पुढे आले की ही बाळे हाडामांसाने कमी आणि चरबीने मात्र तितकी कमी नसतात आणि पुढे मधुमेहाचा धोका त्यांच्या वाट्याला जास्त येतो. लहान असणे ही आपली जात नव्हे, ती पिढ्यान् पिढ्यांची उपासमार आहे. गर्भाच्या वाढीचा जो आंतरराष्ट्रीय अभ्यास इंटरग्रोथ-२१ या नावाने झाला, त्याच्या आठ ठिकाणांत आपले नागपूरही होते. पोटभर खाणाऱ्या निरोगी आयांची नागपूरची बाळे लांबीने आणि डोक्याच्या घेराने ऑक्सफर्डच्या बाळांसारखीच वाढत होती. तेव्हा आपल्या बहिणीचे ४२ किलो वजन हे बाळ लहान असण्याचे समाधानकारक स्पष्टीकरण नाही, ती स्वतंत्र काळजीची गोष्ट आहे.

आणि त्या नेदरलँड्सच्या अभ्यासातले थांबणे म्हणजे काय होते? आठवड्यातून दोनदा बाळाच्या ठोक्यांची पट्टी काढायची, सोनोग्राफी करायची, आईचे बीपी आणि लघवी तपासायची. थांबलेल्या गटात बीपी वाढून प्रीएक्लॅम्प्शिया, म्हणजे गरोदरपणातला आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचा आजार, होण्याचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या जवळपास दुप्पट होते, हे आपण लिहिलेले नाही. केज तालुक्यातल्या वस्तीवर दर तीन दिवसांनी ठोक्यांची पट्टी कोण काढणार आहे? देखरेख नसेल तर त्याला थांबणे म्हणू नये. ३७ आठवडे हे पूर्ण दिवस धरले जातात. कळा आणून बाळ बाहेर घ्या.

परभणीकर

खाजगी दवाखान्यांचा हिशेबही विचारात घ्यावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या खाजगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, सरकारीत १४.३ टक्के. आधी घाबरवायचे आणि मग दाखल करून घ्यायचे, असे सर्रास चालते. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

मांजराकाठ

परभणीकर दादा, दुसरे मत जरूर घेणार आहोत, पण या डॉक्टरांनी सिझेरियनचे नावही काढलेले नाही. त्यांनी डॉपलर स्वतः समजावून सांगितले. त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही.

गोदाकाठ ताई, आपल्या मुलीबद्दल वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. बीपीचा मुद्दा माझ्याकडून राहिला, तो मान्य करते.

नवजात कक्षातली परिचारिका

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या नवजात कक्षात काम करते. दोन्ही ताईंचे वाचले. मला वाटते, कळा कधी आणायच्या याइतकाच, किंबहुना त्याहून मोठा प्रश्न त्या कुठे आणायच्या हा आहे, आणि त्याबद्दल इथे अजून कोणी बोललेले नाही.

वाढ खुंटलेल्या बाळाजवळ साठा कमी असतो. कळ येते तेव्हा वारेचा रक्तपुरवठा काही क्षण कमी होतो. भरल्या अंगाचे बाळ ते सोसते, अशा बाळाचे ठोके मात्र पडू शकतात. म्हणून कळा आणताना ठोक्यांवर सतत लक्ष हवे आणि गरज पडली तर लगेच सिझेरियन करता येईल अशी भूलतज्ज्ञासह तयारी हवी. तालुक्याच्या ठिकाणी रात्री दोन वाजता ही तयारी असेलच असे नाही.

जन्मानंतरचेही सांगते. २२०० ग्रॅमचे बाळ दिसायला अगदी छान असते, रडते, हातपाय झाडते, घरचे पेढे वाटायला निघतात, आणि तीन-चार तासांनी टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासावी तर ती खाली आलेली असते. अंग गार पडते. चार घोट ओढले की बाळ दमून झोपते. मग आईचे दूध काढून वाटी-चमच्याने पाजावे लागते. ३७व्या आठवड्याच्या बाळाला कावीळही जास्त दिसते. आमच्याकडे साधारण १८०० ग्रॅमच्या खालचे बाळ कक्षात घेतात. त्याहून जास्त वजनाचे आणि बरे असलेले बाळ आईजवळच, तिच्या छातीशी उघड्या अंगाने कांगारू पद्धतीने ठेवतात. म्हणजे आपल्या भाच्याला काचेच्या पेटीत ठेवावेच लागेल असे नाही, पण काच त्याच इमारतीत असावी. दुसरीकडे जन्मून गाडीतून आमच्याकडे येणारी बाळे बहुतेकदा गार पडूनच पोहोचतात. पोटातले बाळ हलवणे त्यापेक्षा कितीतरी सोपे असते. आपल्याला लातूर आणि अंबाजोगाई, दोन्ही ठिकाणची वैद्यकीय महाविद्यालये आवाक्यात आहेत. सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधे आणि आजारी नवजात बाळावरचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून मोफत आहेत.

बालाघाटची आरोग्यसेविका

एक गोष्ट आधी पक्की करून घ्यावी, ती म्हणजे ३६ आठवडे हा हिशेब कशावरून धरला आहे. माझ्या भागातल्या निम्म्या बायका दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पहिली सोनोग्राफी सातव्या-आठव्या महिन्यात होते, पाळीची तारीख ‘पोळ्याच्या आसपास’ अशी सांगितली जाते. इतक्या उशिराच्या सोनोग्राफीवरून काढलेल्या दिवसांत तीन आठवड्यांची चूक असू शकते. अशा वेळी ३३ आठवड्यांच्या चांगल्या वाढीच्या बाळालाही ३६ आठवड्यांचे खुंटलेले बाळ समजले जाते, आणि कळा आणल्या तर ते अपुऱ्या दिवसांचे निघते. याच्या उलटही होते: खरोखर खुंटलेले बाळ लहान दिसते म्हणून तारीखच पुढे ढकलली जाते आणि धोका झाकला जातो. ही दुसरी चूक मला जास्त भीतीची वाटते.

मांजराकाठ

पहिली सोनोग्राफी बाराव्या आठवड्यात झाली होती आणि ती पाळीच्या तारखेशी तीन दिवसांच्या फरकाने जुळते. त्यामुळे दिवसांबद्दल शंका नाही.

आता ठरवले ते लिहिते. परिचारिका ताईंचे वाचून मी काल रात्रीच आईला फोन केला. नवव्या महिन्यात पोरीला रस्त्याने हिंदकळत न्यायचे नाही, यावर आई अडून बसली होती. पण जन्मलेले बाळ गाडीत गार पडते हे सांगितल्यावर ती गप्प झाली आणि मग म्हणाली, मीही येते. उद्या दोघी लातूरला माझ्या घरी येत आहेत. येथील डॉक्टरांशी बोलणे झाले असून आठवड्यातून दोनदा ठोक्यांची पट्टी आणि डॉपलर होईल, बीपी रोज घरी मोजू आणि ३८ आठवडे भरले की कळा आणू. त्याआधी डॉपलर बिघडले, पाणी कमी झाले, बीपी चढले किंवा हालचाल मंदावली, तर त्याच दिवशी. केवळ लहान आहे म्हणून ३७व्या आठवड्यात नाही, हे माझे मत कायम आहे. मात्र वस्तीवर राहून थांबण्याला मी थांबणे म्हणत होते, ती माझी चूक होती.

हालचाल मोजायची तिने स्वतःची रीत काढली आहे. जेवण झाले की ती डाव्या कुशीवर पडते आणि बाळ हलले की एका वाटीतला ज्वारीचा दाणा दुसऱ्या वाटीत टाकते. दोन तासांत दहा दाणे व्हायला हवेत. काल पाऊण तासात झाले.

गोदाकाठ

लातूरला आणता आहात हे फार चांगले केले. तरीही मी आपल्या जागी असते तर ३७ आठवड्यांनाच कळा आणल्या असत्या, कारण ठोक्यांची सोमवारची पट्टी चांगली आली तरी ती सोमवारपुरतीच असते, बुधवारच्या रात्रीची हमी ती देत नाही. यावर आपले एकमत होणार नाही, आणि निर्णय आपल्या बहिणीचा आहे. तिला सगळे सांगून तिच्या तोंडून तो एकदा ऐकून घ्या, कारण या संपूर्ण चर्चेत तिचे म्हणणे कुठेच आलेले नाही.

दाणे दोन तासांत आठवरच थांबले तर तिला काही गोड खायला देऊन पुन्हा मोजत बसू नका, आणि सकाळपर्यंत तर मुळीच थांबू नका. कागदपत्रांची पिशवी दाराशी टांगून ठेवा, रात्रीही येईल अशा रिक्षावाल्याचा नंबर आईच्या फोनमध्ये घालून ठेवा, आणि निघा.