गुरुवारी वीज जाणार हे सर्वांना माहीत असते, मग पूर्वसूचना कशाला?

वैशाखवणवा (धागालेखिका)

उन्हाळ्यातील विजेच्या धाग्यावर काल 'स्थितप्रज्ञ' यांनी लिहिले की, गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, शिवाय मोबाइलवर संदेश येतो. ज्यांनी भारनियमनाची वर्षे काढली त्यांनी चार तासांसाठी गळा काढू नये आणि सरळ इन्व्हर्टर घ्यावा. मला हे म्हणणे मुळीच पटलेले नाही, आणि तिथे उत्तर फार लांबले असते म्हणून हा वेगळा धागा काढते आहे.

देखभाल करू नका असे कोणीही म्हणत नाही. तारांवर टेकलेल्या फांद्या छाटणे, तडे गेलेले इन्सुलेटर बदलणे, ढिले जंपर आवळणे, रोहित्रातील (ट्रान्सफॉर्मरमधील) तेल पाहणे ही कामे मे महिन्यात झाली नाहीत, तर जूनच्या पहिल्या वादळात रात्रभर अंधारात बसावे लागते. माझा आक्षेप सूचना कशी आणि कोणाला दिली जाते यावर आहे. संदेश जातो तो वीजजोडणीशी नोंदवलेल्या क्रमांकावर. आमच्या गल्लीत निम्मी घरे भाड्याची आहेत, कित्येक जोडण्या अजून दिवंगत सासऱ्यांच्या किंवा मूळ बिल्डरच्या नावावर आहेत, आणि त्यामुळे घरात प्रत्यक्ष राहणाऱ्या माणसाला काहीच कळत नाही. आमच्या शेजारच्या आजी ऑक्सिजन काँसन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणाऱ्या विजेच्या यंत्रावर आहेत. त्यांची लेक भाडेकरू आहे आणि संदेश गेला तो दुसऱ्या शहरातल्या घरमालकाला, ज्यांनी तो संध्याकाळी वाचला. "आत्ता येईल, आत्ता येईल" या आशेवर तासभर गेला आणि मग लहान सिलिंडरसाठी धावाधाव झाली. आदल्या संध्याकाळी कळले असते तर मोठा सिलिंडर घरी आणून ठेवता आला असता. काँसन्ट्रेटर दिवसभर चालेल असा इन्व्हर्टर सामान्य भाडेकरूला परवडत नाही, हेही 'स्थितप्रज्ञ' यांनी लक्षात घ्यावे.

दुसरी गोष्ट वेळेची. सूचना "सकाळी ९ ते सायंकाळी ५" अशी येते, प्रत्यक्षात वीज अकराला जाते आणि दोनला येते, किंवा काम रद्द होते आणि ते कोणी कळवत नाही. केंद्राच्या वीज (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० मध्ये नियोजित खंडाची माहिती ग्राहकांना द्यावी आणि अचानक बिघाड झाल्यास वीज परत येण्याच्या अंदाजे वेळेसह लगेच कळवावे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. तेव्हा ही मागणी म्हणजे लाड नव्हेत.

उपकेंद्र ३३

माझे सगळे आयुष्य वितरणात गेले, त्यामुळे हा सूर मला नवीन नाही. आठ तासांची वेळ दिली आणि तीन तासांत काम संपले, तर ग्राहकाचे काय बिघडले? तीन तास सांगून पाच लागले असते तर याच ताईंनी इथे आम्हाला फाडून खाल्ले असते.

मोठी वेळ का द्यावी लागते ते एकदा समजून घ्या. फीडर, म्हणजे उपकेंद्रातून एखाद्या भागाला वीज नेणारी वाहिनी, बंद केला की तीन ठिकाणी तीन गँग काम करतात आणि प्रत्येक गँग उपकेंद्राच्या ऑपरेटरकडून स्वतंत्र परमिट, म्हणजे लाइनवर काम करण्याची परवानगी घेते. ब्रेकर उघडायचा, स्विच उघडून लाइन वेगळी करायची, ती मृत असल्याची खात्री करायची, दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचे आणि मगच माणूस खांबावर चढतो. तिन्ही परमिट परत आल्याशिवाय ब्रेकर लावता येत नाही, मग दोन गँगचे काम अकरालाच का संपलेले असेना. त्यात कोणीतरी चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर सुरू करतो आणि तो प्रवाह रोहित्रातून उलटा चढून उच्चदाब वाहिनीवर येतो. या उलट पुरवठ्याने माणसे मेलेली आहेत. "पाचला म्हणाला होतात, पाच वाजून गेले" असे ओरडणारे फोन ज्या ऑपरेटरला दर मिनिटाला येतात, त्याच्या हातून एक दिवस परमिट न तपासता ब्रेकर लागेल, याची भीती मला नोकरीत कायम वाटत आली. वेळ काटेकोर पाळण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी खांबावरच्या माणसाचा विचार करावा.

भाडेकरूंचा क्रमांक नोंदवणे हे घरमालकाचे आणि भाडेकरूचे काम आहे. वीज कंपनी घरोघरी जाऊन कोण राहते हे विचारू शकत नाही.

गिरणीवाला

माझी पिठाची गिरणी आहे, म्हणून "काय बिघडले" याचे उत्तर मी देतो. नऊ ते पाच असे कळले की मी गिरणी उघडतच नाही, कामाच्या बाईंना सुट्टी देतो आणि त्यांचा दिवसाचा रोज बुडतो. वीज गेलीच नाही किंवा दुपारीच आली, तर आमच्या दोघांचाही दिवस विनाकारण वाया गेला. माझे मेहुणे प्लास्टिकचे साचेकाम करतात. अचानक वीज गेली तर मशिनच्या बॅरलमध्ये वितळलेले प्लास्टिक गोठते आणि ते साफ करून पुन्हा तापवण्यात बराच वेळ जातो. त्यांना वेळ आधी कळली तर ते बॅरल रिकामा करून मशिन बंद करतात. उपकेंद्र साहेब, खांबावरच्या माणसाला घाई करा असे मी कधीही म्हणणार नाही, परंतु काम लांबले किंवा लवकर संपले तर दुसरा संदेश पाठवायला कोणाचा जीव धोक्यात येतो?

विहिरीवरचा

शहरातल्या चार तासांवर एवढी चर्चा चालली आहे, म्हणून आमचीही बाजू ऐका. शेतीच्या फीडरला मोटारीसाठी लागणारी थ्री फेज वीज मिळते ती दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, आणि पाळी आठवड्याला बदलते. रात्रीच्या पाळीत उसाला पाणी द्यायला जायचे म्हणजे पायाखाली साप आणि उसात बिबट्या असतो. दिवसाची पाळी आली की नेमके त्याच आठवड्यात देखभालीसाठी शटडाउन घेतात, कारण काम दिवसाच करायचे असते. ते बुडालेले तास परत कोणी देत नाही आणि आधी सांगतही नाही. मागच्या रब्बीत माझ्या कांद्याचे पाणी असेच दोनदा हुकले. शहराला निदान संदेश तरी येतो, आम्हाला वायरमनच्या घरी जाऊन विचारावे लागते.

उपकेंद्र ३३

शेतकऱ्यांनी आधी मोटारींवरचे ऑटो स्विच, म्हणजे वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारे स्विच काढावेत. लाइट आली की फीडरवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात, सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि डीपी (रोहित्र) जळतो. मग जळालेल्या डीपीसाठी मोर्चा आमच्याच कार्यालयावर येतो. कपॅसिटर बसवा म्हणून सांगून आमच्या पिढ्या थकल्या.

विहिरीवरचा

आम्ही ऑटो हौसेने बसवलेले नाहीत. लाइट कधी येणार हे माहीत नसताना रात्री दोन वाजता विहिरीवर जाऊन कोण उभा राहील? माझा चुलत भाऊ असाच अंधारात स्टार्टरला हात लावायला गेला आणि धक्का बसून पडला, थोडक्यात वाचला. तुम्ही आज ठामपणे सांगा की पहाटे चारला लाइट येईल आणि ती चारलाच येऊ द्या, मी उद्या ऑटो काढतो. डीपी जळण्याचे पाप आमच्या माथी मारण्याआधी आम्हाला वेळ न सांगण्याचे पाप कोणाचे ते ठरवा.

उपकेंद्र ३३

पाप-पुण्याची भाषा नको. मी माझे सहकारी खांबावरून खाली उतरवलेले आहेत.

वैशाखवणवा

दोघांनीही शांत व्हावे. विहिरीवरचे दादा जे सांगत आहेत तो विषयांतराचा भाग नाही, उलट माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. वेळ कळत नाही म्हणून ऑटो बसतो, ऑटोमुळे सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, त्यामुळे रोहित्र जळते आणि मग अनियोजित खंड पडतो, ज्याची दुरुस्ती त्याच अपुऱ्या कर्मचाऱ्यांना करावी लागते. सूचना नीट दिली तर ग्राहकाइतकाच वीज कंपनीचाही फायदा आहे. उपकेंद्र साहेबांनी याचे उत्तर दिलेले नाही.

तळटीप

विहिरीवरच्यांचा प्रश्न पूर्वसूचनेने सुटणार नाही, तो दिवसा वीज देऊनच सुटेल. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला, तो याचसाठी. रात्रीच्या पाळीचे वेळापत्रक अधिक सुबक करून छापणे म्हणजे मूळ अन्याय कायम ठेवणे होय.

विहिरीवरचा

योजना माझ्या फीडरवर येईल त्या दिवशी मी आनंदाने गप्प बसेन. तोवर रात्रीची पाळी आहेच, आणि तोवर मला वेळ कळली पाहिजे.

टेम्सकाठी

मी बरीच वर्षे ब्रिटनमध्ये आहे. इथे नियोजित खंडाची सूचना किमान दोन दिवस आधी द्यावी लागते, आणि ती न दिल्यास ग्राहक ठरावीक रक्कम मागू शकतो. मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी बाब. सूचनेचे पत्र त्या पत्त्यावर येते, म्हणजे बिल कोणाच्या नावावर आहे याला महत्त्व राहत नाही, घरात जो राहतो त्याला ते मिळते. शिवाय प्राधान्य सेवा नोंदवही असते, तिच्यात घरी वैद्यकीय उपकरणांवर अवलंबून असलेले रुग्ण, वृद्ध आणि लहान मुले असलेली कुटुंबे विनामूल्य नाव नोंदवतात, आणि वीज जाणार असेल तर त्यांना वेगळे कळवले जाते. शेजारच्या आजींसाठी हीच व्यवस्था हवी.

उपकेंद्र ३३

तिकडचा विजेचा दर आणि तिकडची वसुलीही सोबत सांगत चला. आमच्याकडे एका लाइनमनकडे किती गावे असतात याची टेम्सच्या काठावरून कल्पना येणार नाही.

टेम्सकाठी

माझे वडील वीज मंडळाच्या काळात लाइनमन होते, त्यामुळे ती कल्पना मला आहे. नोंदवही ठेवायला लाइनमन लागत नाही. ऑक्सिजनवरच्या रुग्णाच्या घरी आदल्या दिवशी एक फोन करायला किती खर्च येईल ते आपणच सांगा.

उपकेंद्र ३३

ठीक आहे. रुग्णांची यादी उपविभागीय कार्यालयात असावी आणि आदल्या दिवशी त्यांना फोन जावा, हे मला मान्य आहे. ही यादी फार मोठी होणार नाही. काम रद्द झाल्याचा किंवा लांबल्याचा दुसरा संदेश पाठवण्यातही तांत्रिक अडचण नाही, कारण परमिट परत आल्याची वेळ उपकेंद्राच्या नोंदवहीत असतेच. तो संदेश पाठवण्याची जबाबदारी नेमक्या कोणाची हे कोणी ठरवलेले नसते, एवढे मी कबूल करतो.

मात्र कोणीच न मांडलेला एक मुद्दा सांगतो. कोणता ग्राहक कोणत्या डीपीवर आणि तो डीपी कोणत्या फीडरवर, या नोंदीला आम्ही कन्झ्युमर इंडेक्सिंग म्हणतो. उन्हाळ्यात भार वाढला की काही डीपी शेजारच्या फीडरवर टाकले जातात, पुढे ते तिथेच राहतात आणि संगणकातील नोंद जुनीच राहते. मग ज्यांची वीज जाणार नाही त्यांना संदेश जातो आणि ज्यांची जाणार आहे ते अंधारात राहतात. ही नोंद दुरुस्त केल्याशिवाय तुम्ही दोन दिवस आधी कळवा की दहा दिवस आधी, संदेश चुकीच्याच माणसाला जाणार.

गिरणीवाला

म्हणजे आमच्या समोरच्या ओळीला संदेश येतो आणि वीज आमची जाते, त्याचे कारण हे आहे. इतकी वर्षे आम्हाला कार्यालयात "तुमचा मोबाइल नोंदवलेला नसेल" एवढेच उत्तर मिळत आले.

वैशाखवणवा

उपकेंद्र साहेबांनी हे सांगितले याबद्दल मी त्यांची आभारी आहे, पण यातून माझी पुढची मागणी निघते. जोडणी एका फीडरवरून दुसऱ्यावर टाकली की ठरावीक दिवसांत नोंद बदललीच पाहिजे, ती न बदलल्यामुळे सूचना चुकली तर ग्राहकाला भरपाई मिळावी, आणि ती अर्ज न करता थेट बिलातून वळती व्हावी. तसेच सोसायटीच्या आणि वाड्याच्या दारावर छापील सूचना लागावी, म्हणजे भाडेकरूचा प्रश्न त्याच दिवशी सुटेल.

उपकेंद्र ३३

छापील सूचनेला माझी हरकत नाही. भरपाईला मात्र माझा विरोध आहे. तो पैसा शेवटी दरवाढीतून तुमच्याच खिशातून जाईल, आणि कार्यालयात दोष सर्वांत खालच्या जनमित्रावर, म्हणजे लाइनमनवर ढकलला जाईल.

विहिरीवरचा

भरपाई द्यायची नसेल तर बुडालेले तास तरी परत द्या. सोमवारच्या पाळीतले चार तास गेले तर मंगळवारी चार तास वाढवून मिळावेत, आणि ते कधी मिळणार हे आदल्या दिवशी कळावे.

उपकेंद्र ३३

फीडरवर भार असेल त्याप्रमाणे ते करता येते. मी असताना आम्ही कधी कधी केले आहे.

विहिरीवरचा

मग ते "कधी कधी" लेखी नियमात आणा.