मदत हवी आहे: आईचा रोझेशिया (चेहरा लाल होऊन भडकण्याचा त्वचारोग) डोळ्यांत उतरलाय

आई ५४ वर्षांची. नाक-गाल लाल व्हायचे, ते आम्ही उन्हावर ढकलत आलो. कुणीतरी सुचवलेलं स्टेरॉइडचं मलम तिने तीन-चार महिने लावलं आणि बंद केल्यावर चेहरा दुप्पट भडकला. डोळ्यांचं दुखणं मात्र वेगळंच समजत होतो. वर्षात तीनदा रांजणवाडी, सकाळी पापण्यांच्या कडेला कोंड्यासारखी खपली आणि सारखं "डोळ्यात वाळू गेलीय गं". दरवेळी नुसते थेंब बदलून मिळाले.

गेल्या आठवड्यात नव्या डॉक्टरांनी पापणी दाबून दाखवली. तिथून पातळ तेल यायला हवं, आलं टूथपेस्टसारखं घट्ट पांढरं! पापणीतल्या या तेलाच्या ग्रंथी तुंबल्या की अश्रू लगेच सुकतात म्हणे. कॉर्नियाच्या (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या) खालच्या कडेने बारीक रक्तवाहिन्याही आत शिरू लागल्यात. त्या वाढल्या तर डाग पडून नजर अधू होऊ शकते, हे ऐकून माझी झोपच उडालीय.

डॉक्सिसायक्लिनची गोळी (अँटिबायोटिक), गरम शेक आणि पापण्यांची सफाई सुरू आहे. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा: रुमाल मिनिटभरात गार होतो, तुम्ही शेकायला काय वापरता? गोळी दुधासोबत घ्यायची नाही आणि घेतल्यावर लगेच आडवंही व्हायचं नाही. आईला तर रात्री हळदीच्या दुधाशिवाय चैन पडत नाही. वेळा कशा जमवल्यात? आणि नाशिकमध्ये खास कॉर्निया बघणारं कुणी माहीत आहे का? दुसरं मत घ्यायचंय.